काचेवर वाफ, बोट स्क्रीनवर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात तरुण वाहनचालकांवरचा अर्ध्या पानाचा लेख वाचला. मुलांच्या हातातला मोबाईल, कानातले इयरफोन, आईवडिलांचे लाड, सगळे आले. चौकटीत समुपदेशकांचा सल्लाही आला. राहिले ते एवढेच, की मोबाईल आता हातात राहिलेलाच नाही. कंपनीनेच तो सव्वादहा इंचांचा करून डॅशबोर्डवर बसवून दिला आहे आणि त्याच्या पोटात एसी, ब्लोअर, काही गाड्यांत तर वायपरचा वेगसुद्धा कोंबला आहे. मुलगा कितीही गुणी असो, फोन बंद करून दप्तरात ठेवलेला असो, समोरचे दिसेनासे झाले की त्याला आधी स्क्रीनकडेच बघावे लागते.

बाकी सगळे सोडा, पुढच्या काचेवरची वाफ तेवढी धरा. दिवस पावसाचे आहेत आणि येत्या शनिवारी निम्मे पुणे ताम्हिणी घाटात असणार. चार भिजलेली मुले गाडीत बसतात, काचा वर, एसी ‘आतली हवा आतच’ या बटणावर. तिसऱ्या वळणावर काच पांढरी. ही वाफ दोन प्रकारची असते आणि दोन्हींचा इलाज एकमेकांच्या उलट आहे, हे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सहसा कोणी सांगत नाही. ओळखायला सोपे आहे. वायपर एकदा फिरवावा. काच साफ झाली तर वाफ बाहेरून आहे. एसी १८ वर ठेवून गार झोत काचेवर सोडला की काच थंड पडते आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर पाणी होऊन बसते. तेव्हा झोत काचेवरून काढून छातीकडे किंवा पायांकडे वळवायचा आणि तापमान २५-२६ वर न्यायचे. वायपरने काहीच फरक पडला नाही तर वाफ आतली, म्हणजे ओल्या कपड्यांची आणि श्वासांची. तेव्हा एसी बंद करायचा नाही. (बहुतेक जण नेमके हेच करतात.) हवेतले पाणी एसीच्या कूलिंग कॉइलवरच गळते, गाडीखाली टपटपते ते हेच पाणी. एसी चालू ठेवून आतल्या हवेचे बटण बंद करायचे, बाहेरची हवा घ्यायची, झोत काचेकडे, ब्लोअर तीन-चारवर, तापमान जरा चढे. काच खालून वर साफ होत जाते. तळहाताने पुसली तर तेलकट पट्टा राहतो आणि समोरून येणाऱ्या एसटीचे दिवे त्यावर फाकून थेट डोळ्यांत जातात.

आता हे करायचे कशाने? जुन्या गाडीत तीन गोल नॉब असत. हवेच्या दिशेचा नॉब बहुतेक गाड्यांत उजवीकडे शेवटपर्यंत फिरवला की झोत काचेवर. डोळे रस्त्यावर, बोटांना ‘खट्’ कळते, काम झाले. नव्या गाडीत स्क्रीनवर नकाशा चालू असतो. आधी नकाशातून बाहेर यायचे, मग क्लायमेट उघडायचे, मग बसलेल्या माणसाच्या चित्रात काचेकडचा बाण शोधायचा, मग आतल्या हवेचे चिन्ह, मग ब्लोअरची पट्टी. पाच स्पर्श. गुळगुळीत काचेला कड नसते, त्यामुळे प्रत्येक स्पर्शाला नजर न्यावीच लागते. बोट ओले असेल तर स्क्रीन ते धड ओळखत नाही, आणि खड्डा आला की बोट शेजारच्या चौकोनावर पडून रेडिओ लागतो. एका स्पर्शाला एक सेकंद धरला तरी ताशी ६० च्या वेगाने गाडी ८३ मीटर आंधळी जाते. नवख्याला एक सेकंद पुरत नाही. आणि ताम्हिणीत ८३ मीटर सरळ रस्ता मिळतो तरी कुठे?

बऱ्याच गाड्यांत पुढच्या काचेसाठी एक वेगळे बटण अजून शिल्लक आहे, हे कंपन्यांचे उपकारच. पण त्याच्या शेजारी मागच्या काचेचेही बटण असते. वरची कड गोलसर, पंख्यासारखी आकृती आणि तीन नागमोडी बाण म्हणजे पुढची काच. चौकोनी आकृती म्हणजे मागची. गडबडीत मुले चौकोनी दाबतात आणि मागची काच तापवत बसतात. गाडी घरात आल्याच्या दिवशी, उभ्या गाडीत, डोळे मिटून हे बटण तीनदा दाबायला लावावे. समुपदेशन त्यानंतर करावे.

हे सगळे म्हाताऱ्यांचे रडगाणे वाटत असेल, तर आकडे देतो. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्येच सांगितले, की गाडीतल्या उपकरणाकडे एका वेळी दोन सेकंदांपेक्षा जास्त बघावे लागू नये आणि पूर्ण कामाला मिळून बारा सेकंदांपेक्षा जास्त नजर जाऊ नये. अर्थात ही तत्त्वे ऐच्छिक, म्हणजे शोभेची. स्वीडनच्या ‘वी बिलेगारे’ या मोटारविषयक नियतकालिकाने २०२२ मध्ये ताशी ११० च्या वेगाने चाचणी घेतली. एसीचे तापमान, रेडिओ वगैरे चार साधी कामे होती. २००५ सालच्या बटणवाल्या व्होल्वोत ती १० सेकंदांत, ३०६ मीटरमध्ये झाली. सर्वांत वाईट ठरलेल्या नव्या स्क्रीनवाल्या गाडीला ४४.९ सेकंद आणि १३७२ मीटर लागले. गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरोपातल्या युरो एनकॅपने २०२६ च्या नियमावलीत इंडिकेटर, हॅझार्ड, हॉर्न, वायपर आणि तातडीच्या मदतीचा कॉल यांना हाताला लागणारी खरी बटणे किंवा दांडे नसतील तर गुण कापायचे ठरवले. आपले भारत एनकॅप ऑक्टोबर २०२३ पासून चालू आहे. त्यात धडक झाल्यावर माणूस किती वाचतो ते पाहतात. धडक होण्याआधी तो कुठे बघत होता, याला गुण नाहीत.

‘मग बोलून सांगा ना गाडीला,’ असे शोरूममधला मुलगा सांगतो. युटा विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासात आढळले, की काही गाड्यांत बोलून आज्ञा दिल्यावर चालकाचे लक्ष पूर्ण ताळ्यावर यायला २७ सेकंदांपर्यंत लागतात. ताशी ४० ला हे ३०० मीटर होतात. तेवढ्यात कर्वे रस्त्यावर एक सिग्नल, दोन स्कुट्या आणि एक पीएमपी सहज येऊन जाते.

आणि संपादक महाशय, राग आला तर येवो, पण आपल्याच पुरवणीत गेल्या आठवड्यात एका नव्या गाडीचे परीक्षण आले होते. ‘बटणांची गर्दी हटवून केबिन सुटसुटीत’ म्हणून तिला अर्धा तारा जास्त दिलात. स्क्रीनचे इंच दोनदा छापले होते. पुढच्या काचेचे बटण कुठे आहे, हे एकदाही नाही. पुरवणीत इंचांचे कौतुक करायचे आणि मुख्य अंकात मुलांचे कान उपटायचे, ही वाटणी सोयीची आहे खरी.

कंपनीची स्क्रीन निदान चालत्या गाडीत व्हिडिओ दाखवत नाही. बाहेरून बसवलेल्या अँड्रॉइड स्टिरिओचे तेही नाही. त्याच्या मागे ‘ब्रेक’ लिहिलेली एक वायर असते, ती हँडब्रेकच्या स्विचला जोडायची. हँडब्रेक ओढलेला असेल तरच व्हिडिओ दिसावा, हा तिचा उद्देश. ॲक्सेसरीच्या दुकानात ती सर्रास गाडीच्या पत्र्यालाच जोडून (‘अर्थ’ करून) टाकतात. मग स्टिरिओला गाडी कायम उभीच वाटते. पालकांनी मागे डोकावून बघावे: ही वायर हँडब्रेककडे न जाता जवळच्याच स्क्रूखाली दाबलेली असेल, तर कारागिराला ती सोडवून नीट जोडायला सांगावे. सिग्नलवरचा हवालदार हातातल्या फोनची पावती फाडतो. कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने हातातले उपकरण आले, दंड १००० ते ५००० रुपये. डॅशबोर्डवर क्रिकेटची मॅच चालू असेल तर तो स्कोअर विचारतो.

जाता जाता सीटबेल्टच्या क्लिपबद्दलही. बेल्ट न लावता बीप बंद करणारी ही पत्र्याची जीभ केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच ऑनलाइन विक्रेत्यांना काढायला लावली. रस्त्याकडेला ती आजही मिळते. बेल्टशिवाय एअरबॅग उघडली तर माणूस आधीच पुढे फेकला गेलेला असतो, आणि त्या फुग्याचा तडाखाच बसतो.

‘ॲडास आहे, काळजी नाही’ हे वाक्यही हल्ली घरोघरी ऐकू येते. ॲडास म्हणजे चालकाला मदत करणारी गाडीतली यंत्रणा. तिचा कॅमेरा आरशाच्या मागे काचेला चिकटलेला असतो. विम्यात काच बदलली की तो समोर ठरावीक अंतरावर फलक ठेवून नव्याने जुळवावा लागतो. एका अंशाचा फरक राहिला तर १०० मीटरवर पावणेदोन मीटरची चूक होते, म्हणजे साडेतीन मीटरच्या लेनची बरोबर अर्धी. काच बदलल्यावर या जुळवणीचा, म्हणजे कॅलिब्रेशनचा, छापील अहवाल मागून घ्यावा. शिवाय नव्या डांबरावर पट्टेच मारलेले नसतील तर लेन धरून ठेवणारी यंत्रणा गुपचूप रजेवर जाते. बऱ्याच गाड्यांत मीटरमधले हिरवे चित्र करडे होते, एवढीच काय ती सूचना. वेगाच्या बीपचेही तसेच झाले आहे. जुलै २०१९ मध्ये नव्या गाड्यांत ताशी ८० ला मिनिटाला एकदा आणि १२० ला अखंड बीप सक्तीची झाली. पण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मर्यादाच १०० ची, म्हणजे नियमात चालणाऱ्यालाही ती टोचत राहते. मुले पहिल्या महिन्यातच ऐकून न ऐकल्यासारखे करायला शिकतात, आणि मग १२० ची बीपही गाण्यात विरून जाते.

मे २०२४ च्या कल्याणीनगरच्या पोर्शे अपघातानंतर दारू, पब आणि बाप यांवर भरपूर लिहून झाले, लिहायलाच हवे होते. पण परवान्याच्या चाचणीबद्दल कोणी बोलत नाही. मुले शिकतात स्कूलच्या बिनस्क्रीनच्या छोट्या गाडीत, चाचणी देतात ट्रॅकवर आठचा आकडा काढून, आणि दुसऱ्या दिवशी घरच्या एसयूव्हीत बसून चांदणी चौकातला कुठला रॅम्प आपला, हे नकाशात शोधत बसतात. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०१७ पासून परीक्षेत साधारण २० मिनिटे उमेदवाराला स्वतःच्या भरवशावर गाडी चालवावी लागते, आणि बहुतेकांना ती नेव्हिगेशन ऐकत चालवायला लावतात. वळण चुकले तर गुण जात नाहीत. गडबडून भलतीकडे स्टिअरिंग मारले तर जातात. हे इथे करायला कायदा बदलण्याची वाट कशाला बघायची? स्कूलवाल्यांनी आपल्या गाडीला एक फोन-होल्डर लावला तरी सुरुवात होईल.

पुरवणीच्या लेखकांना एक विनंती. यापुढे परीक्षण करताना स्क्रीनचे इंच छापा, पण शेजारी पुढची काच साफ करायला किती स्पर्श लागतात, हेही छापा. घड्याळ लावून, चालत्या गाडीत, आणि स्पर्श शेजारी बसलेल्याने मोजावेत.

गेल्या वेळी माझ्या पत्रातले आकडे कापून नुसता संताप छापला होतात. या वेळी जागा कमी पडली तर ब्रिटनचे कापा, सीटबेल्टचेही कापा. वाफेचा परिच्छेद मात्र पूर्ण ठेवा. पाऊस सप्टेंबरपर्यंत आहे.

आपला,
एक नियमित वाचक
एरंडवणे, पुणे