मोडलेले न्यायालय मतपेटीतून दुरुस्त होत नाही

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

पोलंड आपल्या वर्तमानपत्रांत येतो तो बहुतेक दोन निमित्तांनी: युक्रेनचे युद्ध आणि वळिवडे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून लाखो माणसे उचलून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेली. त्यातून सुटलेल्या सुमारे पाच हजार जणांना, मुख्यतः बायका-मुलांना, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात आसरा मिळाला. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान मोदी यांनी वॉर्सातील कोल्हापूर स्मारकाला भेट दिली, ती बातमी इथे घरोघरी अभिमानाने वाचली गेली. तो अभिमान मलाही आहे. पण त्या माणसांना घरातून काढताना कोणी कोर्टाचा हुकूम दाखवला नव्हता आणि दाद मागायला त्यांना जागा नव्हती. त्यांच्याच देशात गेली दहा वर्षे न्यायालये कोणाची, यावरून झगडा चालू आहे आणि मराठीत त्याबद्दल फारसे काही वाचायला मिळत नाही. मी कोल्हापुरात वकिली करते. हा झगडा सुरुवातीपासून वाचत आले आहे, म्हणून हे पत्र.

सुरुवात किरकोळ वाटावी अशी झाली. पोलंडच्या घटना न्यायाधिकरणात पंधरा न्यायाधीश असतात. त्यांना सेयम, म्हणजे संसदेचे कनिष्ठ सभागृह, नऊ वर्षांसाठी निवडते. ऑक्टोबर २०१५ मध्ये मुदत संपत आलेल्या सेयमने पाच न्यायाधीश निवडून ठेवले. त्यातल्या तीन जागा त्याच सेयमच्या कार्यकाळात रिकाम्या होत होत्या, उरलेल्या दोन मात्र नव्या सेयमच्या वाट्याच्या होत्या. म्हणजे पहिले चुकीचे पाऊल आज ज्यांना लोकशाहीचे रक्षक म्हटले जाते त्या डोनाल्ड टुस्क यांच्या पक्षाने टाकले. हे आधी सांगितले नाही तर पुढचे सांगण्याचा अधिकार राहत नाही, असे मला वाटते.

निवडणूक जिंकलेल्या 'कायदा आणि न्याय' पक्षाने त्या दोन जागांवर थांबायला हवे होते. तसे झाले नाही. राष्ट्राध्यक्ष आंद्रेज दुदा यांनी पाचांपैकी एकालाही शपथ दिली नाही. नव्या सेयमने आपले पाच निवडले आणि त्यातल्या चौघांना ३ डिसेंबर २०१५ रोजी मध्यरात्र उलटल्यावर शपथ दिली गेली. त्याच दिवशी न्यायाधिकरणाचा निकाल येणार होता. तो आलाही: आधीच्यांपैकी तिघांची निवड वैध, दोघांची अवैध. पण तोवर खुर्च्या भरल्या होत्या.

मार्च २०१६ मध्ये जे घडले ते मी वकील म्हणून विसरू शकत नाही. न्यायाधिकरणाच्या कामकाजाला जखडणारा नवा कायदा न्यायाधिकरणानेच घटनाबाह्य ठरवला. सरकारने त्या निकालाला आव्हान दिले नाही, तो फिरवणारी घटनादुरुस्तीही केली नाही. फक्त राजपत्रात छापला नाही. छापला नाही म्हणजे लागू नाही, एवढाच युक्तिवाद. दोन वर्षांहून जास्त काळ तो निकाल छपाईवाचून पडून राहिला. रणगाडे रस्त्यावर आले नाहीत, कोणाला तुरुंगात टाकले नाही. एका छापखान्याला सूचना दिली नाही, एवढ्याने देशाचे सर्वोच्च घटनात्मक न्यायपीठ मुके झाले.

त्यानंतरचे सगळे याच पद्धतीने झाले. न्यायाधीशांची नावे सुचवणाऱ्या राष्ट्रीय न्याय परिषदेत पंचवीस सदस्य असतात. त्यातले पंधरा न्यायाधीश-सदस्य पूर्वी न्यायाधीशच निवडत, ते आता सेयमच्या बहुमताने निवडायचे ठरले. न्यायमंत्री आणि देशाचा मुख्य सरकारी वकील ही पदे एकाच माणसाकडे गेली. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय सत्तरवरून पासष्टवर आणले आणि पुढे काम करायचे असेल तर राष्ट्राध्यक्षांकडे अर्ज करा, असे सांगितले. बहात्तरपैकी सत्तावीस न्यायाधीशांना, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून अधिकांना, याचा फटका बसला. प्रमुख न्यायाधीश माउगोझाता गेर्सदोर्फ यांची सहा वर्षांची मुदत घटनेतच लिहिलेली होती. ४ जुलै २०१८ च्या सकाळी, नव्या कायद्याने त्या निवृत्त ठरल्यावर, त्या नेहमीसारख्या कामावर गेल्या आणि न्यायालयाबाहेर जमलेल्या माणसांनी त्यांना आत जाईपर्यंत साथ दिली. युरोपीय संघाच्या न्यायालयाने ऑक्टोबरमध्ये हा बदल रोखल्यावर सरकारला माघार घ्यावी लागली.

यावर पोलंडमधली सामान्य माणसे सरकारच्या बाजूने जे बोलत, ते मी हलक्यात घेत नाही. खटले वर्षानुवर्षे लांबतात, न्यायाधीश आपसातच पदे वाटून घेतात, आम्हाला कोणी विचारत नाही. ही तक्रार आपल्या कसबा बावड्याच्या कोर्टाच्या आवारात उभे राहूनही रोज ऐकू येते आणि ती खोटी नाही. पण त्या तक्रारीवर जो उपाय केला त्याने खटले लवकर निकाली निघाले नाहीत, उलट आणखी लांबले. न्यायव्यवस्थेत कम्युनिस्ट राजवटीची माणसे उरली आहेत, हा दुसरा युक्तिवाद तर हिशेबातच बसत नाही. २०१८ मध्ये जो न्यायाधीश चाळीस वर्षांचा होता तो १९८९ मध्ये शाळेत होता.

ओल्श्तिन शहरातले न्यायाधीश पावेल युश्चिशिन यांनी काय गुन्हा केला, ते वाचकांना सांगावेसे वाटते. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांच्यापुढे एक अपील होते. खालच्या कोर्टातला निकाल नव्या न्याय परिषदेने सुचवलेल्या न्यायाधीशाने दिला होता. तो न्यायाधीश रीतसर नेमलेला आहे का, हे पाहण्यासाठी युश्चिशिन यांनी परिषदेच्या उमेदवारांना पाठिंबा देणाऱ्या सह्यांच्या याद्या सेयमकडे मागितल्या. त्या उघड करा असा आदेश सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने आधीच दिला होता. युश्चिशिन यांना निलंबित केले गेले, पगार चाळीस टक्के कापला. त्यांच्या बाजूने सहकाऱ्यांनी मांडलेल्या ठरावांचे मसुदे त्यांच्याच न्यायालयाच्या अध्यक्षांनी भर सभेत फाडले. हे अध्यक्ष त्याच न्याय परिषदेचे सदस्य होते. वॉर्साचे इगोर तुलेया यांनी एका राजकीयदृष्ट्या अडचणीच्या निकालाची कारणे पत्रकारांसमोर वाचून दाखवली, त्यासाठी त्यांना दोन वर्षे न्यायासनावर बसू दिले नाही. सर्वोच्च न्यायालयातल्या ज्या नव्या शिस्तपालन कक्षाने हे केले त्याला आपण न्यायालय मानत नाही, असे सांगून ते त्याच्यापुढे एकदाही हजर झाले नाहीत. त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्यांसाठी ११ जानेवारी २०२० रोजी वॉर्सात हजारो लोक चालले. पोलंडचे न्यायाधीश, सोबत युरोपातल्या अनेक देशांचे न्यायाधीश, सगळे आपापल्या झग्यांत. काळा कोट घालणाऱ्या कोणालाही ती छायाचित्रे पाहून उभारी येईल.

हा पोलंडचा घरचा मामला आहे, बाहेरच्यांनी का बोलावे, असे म्हणणारे इथेही भेटतात. पोलंडने २००३ मध्ये सार्वमत घेऊन आपखुशीने युरोपीय संघात जायचे ठरवले. पोलंडच्या न्यायालयाचे अटक वॉरंट आयर्लंडमध्ये चालते. म्हणून तर २०१८ मध्ये आयर्लंडच्या एका न्यायाधीशांनी एका आरोपीला पोलंडच्या हवाली करण्यापूर्वी युरोपीय न्यायालयाला विचारले की तिथे याला निःपक्ष सुनावणी मिळेल का. पुढे शिस्तपालन कक्षाचे काम थांबवण्याचा युरोपीय न्यायालयाचा आदेश पाळला नाही, म्हणून ऑक्टोबर २०२१ मध्ये पोलंडला दिवसाला दहा लाख युरो दंड झाला. दंडाने काही हलले, पण थोडेच.

१५ ऑक्टोबर २०२३ रोजी चौऱ्याहत्तर टक्के मतदान झाले. कम्युनिस्ट राजवट गेल्यानंतरच्या कोणत्याही निवडणुकीत एवढे झाले नव्हते. व्रोत्स्वाफच्या एका मतदान केंद्रावर तर माणसे पहाटेपर्यंत रांगेत उभी होती. सत्ता बदलली, डोनाल्ड टुस्क पंतप्रधान झाले आणि जगाने 'लोकशाही परतली' असे म्हणून पान उलटले. मला वाटते खरी कहाणी तिथे सुरू होते.

त्या बदललेल्या न्याय परिषदेच्या शिफारशीने नेमलेल्या न्यायाधीशांची संख्या हजारांत आहे. त्यांनी घटस्फोट दिले, वारसा ठरवला, स्विस फ्रँकमधल्या गृहकर्जांचे दावे निकाली काढले. त्यांच्या नेमणुका सरसकट रद्द कराव्यात तर ज्या माणसांनी काही केले नाही त्यांचे संसार पुन्हा कोर्टात येतात. ठेवाव्यात तर कायदा मोडून मिळवलेले पद टिकते, हा धडा पुढच्यांना मिळतो. कायदा बदलावा तर राष्ट्राध्यक्षांची सही लागते. दुदा यांनी ती दिली नाही आणि जून २०२५ मध्ये निवडून आलेले करोल नाव्रोत्स्की हेही 'कायदा आणि न्याय' पक्षाच्याच पाठिंब्याचे. ती निवडणूक टुस्क यांच्या पक्षाचे रफाल त्शास्कोव्स्की दोन टक्क्यांपेक्षा कमी फरकाने हरले.

आणि मार्च २०२४ पासून टुस्क सरकारही घटना न्यायाधिकरणाचे निकाल राजपत्रात छापत नाही. त्यांचे कारण वेगळे आहे: पीठात बेकायदा नेमलेले लोक बसतात, म्हणून ते निकालच नव्हेत. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने मे २०२१ मध्ये अशा पीठाला कायद्याने स्थापलेले न्यायालय मानायला नकार दिला होता, तेव्हा या कारणात वजन आहे हे मान्य. तरीही मला ते पचत नाही. कोणता निकाल छापायचा हे मंत्रिमंडळाने ठरवावे, हा पायंडा २०१६ मध्ये घातक होता आणि तो चांगल्या माणसांनी चालवला म्हणून कमी घातक होत नाही. उद्या सरकार पुन्हा बदलेल तेव्हा त्यांना दाखवायला दोन उदाहरणे असतील. दुरुस्ती सावकाश होऊ दे, एकेक नेमणूक तपासून होऊ दे, पण ती कायद्याच्या चौकटीत झाली पाहिजे. ज्या न्यायाधीशांनी पगार आणि पद गमावले त्यांनी ते याचसाठी गमावले होते.

जुलै २०२५ मध्ये न्यायमंत्रिपद वाल्देमार झुरेक यांच्याकडे आले. ते स्वतः पूर्वीचे न्यायाधीश आणि आधीच्या राजवटीत अनेक शिस्तभंग कारवायांना तोंड दिलेले. माझी सहानुभूती त्यांच्या बाजूला आहे. म्हणूनच माझी विनंती आहे की आपल्या आंतरराष्ट्रीय पानावर त्यांच्या निर्णयांची बातमी आधीच्या मंत्र्यांच्या निर्णयांइतक्याच बारकाईने यावी, आणि तिथल्या न्यायाधीश संघटनांशी बोलून एखादा सविस्तर लेख आपण छापावा.

आपली,
एक वकील वाचक, कोल्हापूर