पाट्या न कापणाऱ्या अण्णांस अनावृत पत्र

आदरणीय अण्णा,

सप्रेम नमस्कार.

आमच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट उतरवून तुम्ही पेन ड्राइव्ह हातात ठेवलात, तेव्हापासून तुमचे नीट आभार मानायचे राहून गेले आहे. समोर येऊन मानू लागलो की तुम्ही 'असू दे, असू दे' म्हणत पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळता, म्हणून चार लोकांना वाचता येईल असे हे पत्र लिहितो आहे. तुमचे नाव मुद्दाम घालत नाही, कारण ते तुम्हाला रुचणार नाही. पूर्व भागातल्या यंत्रमागांच्या खडखडाटात बसूनही ज्यांना जुन्या फितीतला आवाज कुठे बसला आहे ते अचूक कळते, असे अण्णा एकच आहेत, ओळखणारे ओळखतील.

आभारांच्या पत्रात तक्रार करू नये म्हणतात, पण तुम्ही काय केलेत ते कळण्यासाठी तुमच्याआधी काय झाले ते सांगायलाच हवे. वडिलांनी नव्वदच्या दशकात हप्त्यांवर घेतलेल्या व्हीसीआरवर दूरदर्शनच्या आणि पुढे केबलवरच्या विनोदी मालिका भरून ठेवल्या होत्या. सोलापूरचे उन्हाळे माळ्यावर सोसलेल्या त्या कॅसेट मी आधी शहरातल्या एका काचेच्या दाराच्या, थंडगार दुकानात दिल्या होत्या. तिथून जे परत आले त्यात प्रत्येक भाग शेवटच्या प्रसंगानंतर खाडकन तुटत होता. काम करणाऱ्यांच्या नावांच्या शेवटच्या पाट्या कुठे गेल्या, असे विचारल्यावर मालकांनी हसून सांगितले, "काका, पाट्या कोण बघतंय? तुमची जागा वाचवली." पैसे मात्र त्यांनी अख्ख्या कॅसेटचे घेतले होते, आणि एक कॅसेट यंत्रात चावली गेली तिच्याबद्दल साधी दिलगिरीसुद्धा व्यक्त केली नव्हती.

त्या गृहस्थांना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते की आमच्या घरात पाट्यांसाठीच कॅसेट चालू राहायची. वडील बँकेत कारकून होते आणि हौशी राज्य नाट्य स्पर्धेसाठी बसणाऱ्या नाटकांत वर्षानुवर्षे गडी, पोस्टमन, दारावरचा रखवालदार अशीच कामे करायचे. हुतात्मा स्मृती मंदिराच्या रंगमंचावर नायकाच्या हातात पाण्याचा पेला देऊन, टाळी पडण्याच्या आत विंगेत परतायचे कसब त्यांना साधले होते. त्यामुळे मालिका संपली तरी ते रिमोटला हात लावू देत नसत. 'काम केलंय त्यांनी, नावं तरी वाचा,' असा त्यांचा दंडक होता.

त्या दंडकामुळेच मला पुढे दिसू लागले की जुन्या मालिकांतला विनोद ज्यांच्या खांद्यावर उभा होता ती माणसे पोस्टरवर नसायचीच. चिं. वि. जोशींचा चिमणराव सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने घरोघरी पोहोचला आणि त्यांचे कौतुक झाले ते योग्यच झाले. पण शेजारी बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ तितक्याच गंभीर चेहऱ्याने उभा नसता तर चिमणरावांचा गोंधळ नुसताच हवेत राहिला असता. १९८४ साली सुरू झालेल्या 'ये जो है जिंदगी'मध्ये नायक शफी इनामदार आणि नायिका स्वरूप संपत. सतीश शाह मात्र दर भागात वेगळा माणूस होऊन यायचे आणि पुढच्या आठवड्यात तो माणूस पुसून नवा उभा करायचे. १९८६ च्या 'नुक्कड'मधला नायक गुरू कुणाच्या लक्षात असेल-नसेल, पण समीर खक्कर यांचा झिंगलेला खोपडी आणि अजय वढावकरांचा गणपत हवालदार आजही आमच्या गल्लीत नाव घेताच ओळखले जातात.

'देख भाई देख'मधला करीमा हा तर वडिलांचा खास लाडका. १९९३ सालच्या त्या भल्यामोठ्या दिवाण कुटुंबात घरचा नोकर म्हणून वावरणारे देवेन भोजानी पुढे 'ऑफिस ऑफिस'मध्ये पटेल झाले, आणि २००४ मध्ये 'साराभाई व्हर्सेस साराभाई'चे दिग्दर्शनही त्यांनीच केले. वडील हे असे सांगतात, जणू करीमाला पगारवाढ त्यांनीच मिळवून दिली. माझे स्वतःचे मत विचाराल तर या सगळ्यांत अवघड काम होते ते प्रिया तेंडुलकरांचे. १९८५ मध्ये 'रजनी' म्हणून देशभर गाजलेल्या या अभिनेत्रीने दहा वर्षांनी 'हम पाँच'मध्ये भिंतीवरच्या तसबिरीतली दिवंगत पहिली बायको केली. हात नाहीत, चाल नाही, जागा सोडायची सोय नाही. चौकटीत मावेल एवढा चेहरा, डोळे आणि आवाज. खाली वावरताना नवरा झालेल्या अशोक सराफांना अख्खी खोली मोकळी होती, तरी त्यांच्या प्रत्येक चेष्टेला वरून बरोबर वेळेवर उत्तर मिळायचे. नायिका म्हणून नाव झाल्यावर हार घातलेल्या तसबिरीत शिरायला तयार होणे ही साधी गोष्ट नव्हे, आणि तिचे जेवढे कौतुक व्हायला हवे होते तेवढे झालेले मला तरी दिसले नाही.

(सिनेमात दुय्यम भूमिकांना निदान वेगळा पुरस्कार तरी असतो. आपल्या सोलापुरात जन्मलेल्या अभिनेत्री शशिकला यांना तो 'आरती' आणि 'गुमराह'साठी मिळाला होता, ही गोष्ट आपल्याच गावात किती जणांना ठाऊक आहे, देव जाणे.)

आता तुमच्याकडे वळतो. कॅसेटवरची बुरशी तुम्ही कशी काढलीत, फिती नव्या खोक्यात कशा बसवल्यात, यातले मला काही कळत नाही आणि ते सांगण्याचा हा प्रसंगही नाही. प्रत्येक भागाच्या शेवटच्या पाट्या तुम्ही जशाच्या तशा ठेवल्यात, एवढ्यावरच मी तुमचा ऋणी झालो असतो. पण एका कॅसेटच्या शेवटी फीत इतकी चुरगळली होती की पाट्या नुसत्या थरथरत वर सरकत होत्या, आणि वडिलांच्या मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना त्या वाचता येणे शक्यच नव्हते. तुम्ही ते चित्र थांबवत थांबवत वाचलेत आणि शाळेच्या वहीतला एक दुरेघी कागद फाडून त्यावर सगळी नावे निळ्या बॉलपेनने, ठसठशीत देवनागरीत उतरवून दिलीत. हे काम मी तुम्हाला सांगितलेले नव्हते आणि त्याचे पैसेही तुम्ही लावले नव्हते.

तो कागद माझ्यासमोर आहे. काही नावांपुढे तुम्ही कंसात लिहिले आहे: 'चहावाला', 'वरच्या मजल्यावरची बाई', 'दुसरा पोलीस'. पाट्यांत नुसती नावे होती, भूमिका नव्हत्या. म्हणजे कुणी काय केले हे ताडण्यासाठी तुम्ही मागचा भाग पुन्हा पाहिला असणार. एका नावाचे पहिले अक्षर फितीच्या घडीत गेले आहे. तिथे तुम्ही अंदाजाने काही ठोकून दिले नाही. एक लहानसे प्रश्नचिन्ह केलेत आणि राहिलेली अक्षरे तेवढी लिहिलीत. अण्णा, त्या प्रश्नचिन्हापाशी माझा गळा दाटून आला, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. ज्या माणसाला पडद्यावर अर्धे मिनिट मिळाले, त्याचे नाव चुकू नये म्हणून तीस वर्षांनंतर एका बोळातल्या दुकानात कुणीतरी थांबले होते.

वडिलांनी कागद भिंगाखाली धरून दोनदा वाचला आणि म्हणाले, "हा माणूस नाटक बघणारा आहे." त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही, मला स्वतःला तर ती अजून मिळायची आहे. हल्ली वाहिन्यांवर शेवटच्या पाट्या कोपऱ्यात आक्रसून पळवतात आणि बाजूला पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात मोठ्याने वाजते. त्याची आम्हाला इतकी सवय झाली होती की कुणी कापल्या तर तक्रार करायलाही संकोच वाटायचा. काम चोख करणे वेगळे, आणि गिऱ्हाइकाच्या जे बोलण्यातही आले नाही त्याची कदर करणे वेगळे. दुसरी गोष्ट दुकानाच्या चकचकीतपणावर अवलंबून नसते, हे काचेच्या दाराच्या त्या मालकांना कुणीतरी सांगितले तर बरे होईल. मी त्यांच्याकडे पुन्हा जाणार नाही.

आता एक अडचण सांगतो. 'दुसरा पोलीस' म्हणून तुम्ही ज्यांचे नाव लिहिले आहे ते खरे म्हणजे पहिले पोलीस आहेत, असे वडिलांचे ठाम म्हणणे पडले आहे. दोन्ही पोलिसांपैकी आधी दारात कोण शिरले यावर त्यांचा सगळा युक्तिवाद उभा आहे, आणि तो प्रसंग त्यांनी मला इतक्यांदा मागे नेऊन दाखवला की माझे मत आता दोन्ही बाजूंना सारखेच झुकते. येत्या रविवारी कागद, पेन ड्राइव्ह आणि भिंग घेऊन ते तुमच्या दुकानी येणार आहेत. आईने तुमच्यासाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून द्यायचे ठरवले आहे. तेवढा वेळ मोकळा ठेवावा आणि बाजू मांडायची तयारी करून ठेवावी, ही विनंती.

आपला ऋणी,
कॅसेटवाल्या काकांचा मुलगा
सोलापूर