आमच्या गेकोच्या पिल्लासाठी धावून आलेल्या सगळ्यांचे आभार

आमच्या क्रेस्टेड गेकोचं पिल्लू अंड्यातून निघालं ते मागचे दोन्ही पाय वाकडे घेऊनच, आणि रत्नागिरीत पाळलेली पाल बघणारा डॉक्टर शोधायचा म्हणजे काय ते इथल्या लोकांना माहितीच आहे. ज्या डॉक्टरांनी रात्री उशिरा फोन उचलून फोटो बघितले आणि शांतपणे सांगितलं की पहिली कात टाकेपर्यंत पिल्लू खात नाही, पोटातल्या बलकावर जगतं, जबरदस्ती भरवू नका, त्यांचे खूप खूप आभार. फांद्या काढा, बुटका डबा घ्या, खाली टिश्यू घाला, नंतर खाण्यावर डी३ वालं कॅल्शियम भुरभुरा, हे पण त्यांनीच सांगितलं. पाय सरळ होणार नाहीत हेही स्पष्ट सांगितलं, ते बरं वाटलं.

हा प्राणी मूळचा न्यू कॅलेडोनियाचा, २८ अंशांच्या वर त्याला सोसत नाही, आणि आमच्याकडे मे महिन्यात लाईट गेली की विचारूच नका! तेव्हा मिरकरवाड्यातल्या ज्या मावशींनी मासळीचा थर्माकोलचा बॉक्स धुवून दिला, वर बर्फपण दिला आणि पैसे घेतले नाहीत, मावशी, तुमच्यामुळे पिल्लू वाचलं. बोटांना चिकटलेली कात ओल्या कापसाने सोडवायला शिकवणाऱ्या ताईंचेही मनापासून आभार. आता पोटावर सरकत का होईना, स्वतः वाटीपर्यंत जाऊन चाटतंय.