शेवटच्या पायरीची ठेच

आमच्या इमारतीच्या जिन्यात शेवटच्या पायरीला हमखास ठेच लागते. मी आठ वर्षं वयाला दोष देत होतो. मुलगी वास्तुकलेच्या दुसऱ्या वर्षाला गेली आणि एके दिवशी टेप घेऊन जिन्यातच बसली. बाकी सगळ्या पायऱ्या साडेसहा इंचांच्या, ही एकटी साडेसात! वर जुन्या फरशीवर नवी बसवली, त्याचा हा प्रताप.

मुंबईत कंबाला हिलवरची ‘कांचनजंगा’ इमारत मी कित्येकदा पाहिली होती. कोपऱ्यांतली ती भगदाडं मला श्रीमंतांची हौस वाटायची. मुलीने उलगडून सांगितलं. समुद्र नि वारा पश्चिमेला, पण दुपारचं ऊन आणि पावसाची झोडही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी त्यावर भोवती व्हरांडा काढला. वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी १९८३ साली पूर्ण झालेल्या या इमारतीत तोच व्हरांडा दोन मजली उंचीची बाग करून वर नेला.

आमची पश्चिमेची गॅलरी मात्र आम्ही काचा लावून बंद केली आहे. दुपारी एसी लागतो. मुलगी तिकडे बघू लागली, की मी चहाचं विचारतो.

– एक पालक, ठाणे