डिकीची भोके बुजवणाऱ्या त्या दोघांचे आभार

गाडीचा स्पॉयलर, म्हणजे डिकीवरची पंखासारखी पट्टी, बदलल्यावर जुन्या बोल्टांची चार भोके डिकीवर उघडी राहिली होती. एका गॅरेजने त्यांत नुसती पुट्टी भरली, ती महिन्याभरात तडकली आणि ऐन पावसात, चिपळूणजवळ, डिकीतले सामान भिजले. रस्त्याकडेच्या डेंटरकाकांनी व त्यांच्या मदतनिसाने ती पुट्टी खरवडली, कडांचा गंज घासला, भोकांत पत्र्याच्या चकत्या बसवून वेल्डिंगचे टाके थांबत थांबत मारले, कारण सलग उष्णतेने पातळ पत्रा वाकतो. मग प्राइमर, पुट्टीचा पातळ हात आणि रंग. कोणाला कधीही न दिसणाऱ्या आतल्या बाजूलाही काकांनी न सांगता गंजरोधक लावला, आणि तोवर भिजलेल्या माझ्या आईला स्वतःची कोरडी शाल दिली. नावे विचारायची राहिली. दोघांचेही मनःपूर्वक आभार.