वारीच्या माहितीपटासाठी कॅमेऱ्याआधी डिस्क घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आषाढी जवळ आली की आळंदी-देहूहून पालख्यांबरोबर कॅमेरे घेऊन निघणाऱ्या तरुणांची लगबग सुरू होते आणि 'आता मोबाइलवरही माहितीपट होतो' असे कौतुकाने छापूनही येते. होतो, यात शंका नाही. पण संकलनाला येणारे वारीचे फुटेज पाहिले तर चित्र बहुतेक वेळा बरे असते. अडते ते पुढे. आवाज फाटलेला, निम्म्या फायली एकाच नावाच्या, एक डिस्क बंद पडलेली आणि दुसरी प्रत काढलेलीच नाही. मूळ दुखणे अंदाजपत्रकात असते. कॅमेरा-लेन्सच्या भाड्यात पैसे संपतात आणि आवाज, साठवण व संकलन यांची बोळवण उरलेल्या रकमेत होते.

साधा हिशेब मांडू. फोर-के चित्रीकरण १०० मेगाबिट प्रतिसेकंद या दराने केले तर तासाला ४५ जीबी लागतात. रोज ३ तास आणि आळंदी ते पंढरपूर १८ दिवस धरले तर ५४ तास, म्हणजे सुमारे २.४ टीबी. तीन प्रती हव्यात, त्यातली एक वारीबरोबर न फिरता घरी पोहोचलेली हवी. म्हणजे ७ टीबीहून जास्त जागा झाली. रोजचे १३५ जीबी साध्या पोर्टेबल हार्ड डिस्कवर १०० एमबी प्रतिसेकंद वेगाने उतरवायला २२-२३ मिनिटे लागतात, पडताळणी धरून दुप्पट. दोन डिस्कवर एकामागून एक प्रती काढायच्या तर दीड तास गेला, तोही मुक्कामी वीज मिळाली तर. हा दीड तास वेळापत्रकात कोणी धरत नाही, म्हणून 'उद्या करू' होते आणि उद्या तेच कार्ड पुसले जाते.

नुसते कॉपी-पेस्ट पुरत नाही. चेकसम (मूळ फाइल आणि प्रत तंतोतंत सारखी आहे का, हे दाखवणारा आकडा) जुळवणारी कॉपी करावी. टेराकॉपी या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आहे, दा विंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीतही त्यासाठी 'क्लोन टूल' आहे. कार्डातल्या फक्त एमपी-फोर फायली उचलू नयेत, कार्डाचा पूर्ण फोल्डर जसाच्या तसा घ्यावा. आणि कॅमेऱ्यातले फाइल-क्रमांकन 'सिरीज'वर ठेवावे. ते 'रीसेट'वर असेल तर प्रत्येक कार्ड पुन्हा सी-०००१ पासून सुरू होते. पुढे प्रॉक्सी (संकलनासाठी केलेल्या हलक्या प्रती) मूळ फायलींना जोडताना सासवडच्या जागी वाखरी येऊन बसते, आणि हे लक्षात येते ते अखेरच्या निर्यातीत. फोल्डरला तारीख, कॅमेरा, कार्ड अशा क्रमाने नाव द्यावे. टाइमकोड (प्रत्येक फ्रेमवरची वेळेची नोंद) देता येणाऱ्या सगळ्या यंत्रांवर तो घड्याळाच्या वेळेचा ठेवावा, म्हणजे दोन-तीन कॅमेऱ्यांचे फुटेज आपोआप प्रसंगानुसार लागते.

टेम्पोत हादरे बसत असताना फिरत्या चकतीच्या डिस्कवर कॉपी चालू ठेवू नये, प्रवासात एसएसडी वापरावी. दीर्घकाळ जपण्याची प्रत मात्र हार्ड डिस्कवर हवी, कारण एसएसडी विजेविना वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिली तर तिच्यातला डेटा जाऊ शकतो.

आता आवाज. वारी म्हणजे टाळ, पखवाज, विणा आणि शेकडो गळे. कॅमेऱ्याचा ऑटो गेन (आवाजाची पातळी आपोआप कमीजास्त करणारी सोय) इथे पार गोंधळतो. टाळ वाजले की सगळे दाबतो, थांबले की गर्दीचा गलका वर खेचतो. गेन हाताने लावावा, ४८ किलोहर्ट्झ व २४ बिटवर, सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असा. ३२ बिट फ्लोट (अगदी लहान आणि अगदी मोठा आवाजही सामावणारा) रेकॉर्डर घेतला की आवाज फाटतच नाही, हा गैरसमज मात्र काढून टाकावा. रेकॉर्डरमध्ये फाटत नाही, पण माइकच्या कॅप्सूलमध्ये (आवाज पकडणाऱ्या भागात) किंवा वायरलेसच्या ट्रान्समीटरमध्ये आवाज आधीच फाटला असेल तर तो फाटकाच आवाज इमानदारीने नोंदला जातो. टाळकऱ्यांच्या मधोमध उभे राहणे दिसायला छान असले तरी माइक तिथून दोन-तीन पावले मागे हवा.

बिनतारी कॉलर माइक बहुधा २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. खोक्यावर लिहिलेले अंतर मोकळ्या मैदानातले असते. मध्ये माणसांची भिंत आली की शरीरे ही लहर शोषतात, वर हजारो मोबाइलांचे वायफाय-ब्लूटूथ त्याच पट्ट्यात असते. त्यामुळे ट्रान्समीटरमध्येच ध्वनिमुद्रण करणारा संच घ्यावा, नाहीतर चालणाऱ्या माणसाच्या खिशात छोटा रेकॉर्डर द्यावा. दोन यंत्रांची घड्याळे तंतोतंत चालत नाहीत. सलग तासाभराच्या ध्वनिमुद्रणात एखाद-दोन फ्रेमचा फरक पडतो, म्हणून सुरुवातीला आणि शेवटी टाळी नोंदवावी. दिवे घाटातल्या वाऱ्याला माइकवरचा स्पंज पुरत नाही, फरचे कव्हर लागते. पावसात माइकवर प्लॅस्टिक ओढले तर थेंबांचा तडतडाटच नोंदला जातो. छत्री धरावी आणि छत्रीवर जाड टॉवेल टाकावा.

सगळ्यात जास्त नडते ती वेगळीच गोष्ट. कॅमेरामन अभंग चालू असताना दहा तुकडे घेतो आणि आवाजही त्याच दहा तुकड्यांत असतो. तुकडे जोडले की लय तुटते, चरण अर्ध्यावर उडी मारतो आणि पखवाजाचा ठेका चुकतो. यावर संकलनात उपाय नाही. एक रेकॉर्डर अभंगाच्या पहिल्या टाळापासून गजरापर्यंत न थांबवता चालू ठेवायचा, चित्राचे तुकडे मग त्याच्यावर हवे तसे बसतात. शिवाय प्रत्येक मुक्कामी कोणी न बोलता त्या जागेचा मिनिटभराचा नुसता आवाज घ्यावा. मुलाखतीतले सांधे त्यानेच बुजतात. मागे कर्ण्यावर कॅसेटवरचा अभंग लागला असेल तर मुलाखत घेऊच नये. तुकोबांचे शब्द सर्वांचे आहेत, पण ध्वनिमुद्रणावरचा हक्क आपल्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो आणि यूट्यूबवर दावा येतो तो त्याच्यामुळे.

चित्राबद्दल थोडक्यात. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवावे. मोबाइल मुळात ३० फ्रेमवर असतो आणि शटर स्वतः ठरवतो, त्यामुळे रात्रीच्या कीर्तनात मंडपाच्या दिव्यांचे पट्टे पडद्यावर सरकत राहतात. आयफोनच्या सेटिंगमध्ये पाल (२५ फ्रेमचे) फॉरमॅट दाखवण्याचा पर्याय असतो, तो सुरू करावा. ब्लॅकमॅजिकचे मोफत कॅमेरा ॲप असेल तर शटरही बांधता येते. मोबाइलच्या फायलींचा फ्रेमदर बदलता असतो आणि लांब मुलाखतीत ओठ व आवाज हळूहळू वेगळे होतात. हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेम रेट' निवडून त्या आधी बदलून घ्याव्यात, मगच टाइमलाइनवर आणाव्यात. कॅमेरा ८ बिटचा असेल तर लॉगचा (नंतर रंग सुधारता यावेत म्हणून फिके चित्र घेण्याचा) मोह टाळावा, आषाढातल्या ढगाळ आभाळात पट्टे उमटतात.

लॅपटॉप घेताना लोक ग्राफिक्स कार्ड बघतात. नव्या कॅमेऱ्यांची १० बिट ४:२:२ एच-२६५ (रंगाची जास्त माहिती ठेवून दाबून लहान केलेली) फाइल मात्र २०२५ च्या आधीच्या एनव्हिडियाच्या महागड्या कार्डांवरही अडखळते, कारण ती उलगडण्याची सोय त्या चिपमध्ये नाही. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या प्रोसेसरच्या अंगच्या ग्राफिक्समध्ये आणि ॲपलच्या एम मालिकेत ती आहे. जुनाच लॅपटॉप असेल तर १०८० च्या प्रॉक्सी कराव्यात. प्रोरेस (ॲपलचा संकलनासाठीचा फाइल-प्रकार) प्रॉक्सी तासाला १७ जीबीच्या आसपास जाते, म्हणजे ५४ तासांना सुमारे ९०० जीबी. ही जागा वरच्या ७ टीबीत धरलेली नाही. रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत संकलन उत्तम होते, पण चित्रातला दाणा (नॉइज) काढण्याची सोय सशुल्क आवृत्तीतच आहे. रात्रीचे कीर्तन भरपूर घेणार असाल तर ते पैसे आधी बाजूला काढा.

पडद्यावरच्या देवनागरी पाट्यांची परीक्षाही पहिल्याच दिवशी घ्यावी. 'ज्ञानेश्वर', 'वाऱ्यावर', 'दिंडी' हे तीन शब्द टाइप करून बघावेत. वेलांटी मागे पडली किंवा जोडाक्षर फुटले तर प्रीमियर या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्सच्या सेटिंगमधून दक्षिण आशियाई लिप्यांचे टेक्स्ट इंजिन निवडावे. तरी जमले नाही तर पाटी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये करून पारदर्शक पीएनजी आणावी. उपशीर्षकांची एसआरटी फाइल यूटीएफ-८ मध्येच (देवनागरी अक्षरे टिकवणाऱ्या संकेतात) जतन करावी. नाहीतर महोत्सवाच्या पडद्यावर प्रश्नचिन्हांची रांग दिसते.

अनुदान देणाऱ्या संस्था आणि माहितीपट स्पर्धा घेणारी महाविद्यालये यांना एक विनंती आहे. अर्जात कॅमेऱ्याच्या भाड्याशेजारी आणखी तीन रकाने ठेवावेत: डिस्क किती टीबी, ध्वनिमुद्रण कोण करणार, संकलनाला किती आठवडे. ५४ तासांचे फुटेज रोज ६ तास नुसते पाहिले तरी ९ दिवस लागतात, नोंदी करत पाहायला त्याच्या दुप्पट-तिप्पट. बोलीतल्या मुलाखती आणि गर्दीतले संवाद यंत्राने शब्दांत उतरवले तरी ओळ न् ओळ कानाने तपासावी लागते. आषाढीनंतर महिन्याभरात तयार माहितीपट मागणारी मुदत या हिशेबात बसत नाही. ती कार्तिकीपर्यंत तरी वाढवावी.

आपला,
एक संकलक, पुणे