रात्रीचं तापमानही पहिल्या पानावर छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवाच्या अंकात आपण दिवसाच्या कमाल तापमानाचा आकडा तळहाताएवढा छापला होता. त्याच दिवसाचं किमान तापमान शोधायला मला चष्मा काढावा लागला. ते आतल्या पानावर सूर्योदय-सूर्यास्ताच्या शेजारी मुंगीच्या अक्षरात सापडलं. हे पत्र त्या मुंगीच्या अक्षरापायी लिहितो आहे.

मी कूलर मिस्त्री. नागपुरातल्या महाल भागात गल्लीच्या तोंडाशी छोटं दुकान आहे. वडील वाळ्याच्या ताट्या बांधायचे. सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यांत दारं-खिडक्यांना ताट्या लावायच्या आणि दुपारभर त्यांवर पाणी मारायला एक पोरगा ठेवायचा, तो पोरगा मीच. पुढे ताट्या गेल्या, लोखंडी कूलर आले, आता फायबरचे आले. यंत्र बदललं तरी विद्या तीच राहिली: कोरडी हवा ओल्या वाळ्यातून आली की पाण्याची वाफ होताना उष्णता ओढली जाते आणि घर गार होतं. मुंबईत हे चालत नाही, तिथली हवा आधीच ओली. नागपूरची हवा कोरडी म्हणून आमची चूल पेटते.

तेव्हा खरं बोलायचं तर ऊन हा आमचा अन्नदाता. घरात मे महिन्यात आई देवाला म्हणायची, नवतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) चांगला तापू दे. आम्हीच नाही, काटोलकडचा माझा मेहुणाही हेच मागतो. मृग बहार धरायचा तर संत्र्याच्या बागेला मे महिन्यात पाणी तोडून ताण द्यावा लागतो. अवकाळी पाऊस पडला की ताण तुटतो आणि बहार हुकतो. बाहेरच्या माणसाला नागपूरचं ऊन म्हणजे नुसती शिक्षा वाटते. आमचं त्याच्याशी नातं होतं. दिवसा त्याने घ्यायचं आणि रात्री परत द्यायचं, असा जुना व्यवहार होता तो.

तो व्यवहार मोडला रात्रीच्या बाजूने. पूर्वी मला फोन यायचे दुपारी: कूलर थंडावा देत नाही, पंप बसला, टाकी गळते. हल्ली फोन येतात रात्री साडेअकराला. पलीकडे लहान मूल रडत असतं आणि बाप म्हणतो, भाऊ, कसंही करा, झोप नाही. जाऊन पाहतो तर कूलरमध्ये दोष काहीच नसतो. दिवसभर तापलेला स्लॅब आणि भिंती मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत असतात, त्याला मी काय पाना लावू?

आम्ही संध्याकाळी गच्चीवर बादल्या ओतायचो. पाण्याचा चर्रर्र आवाज व्हायचा, वास यायचा, आठपर्यंत जमीन पाय ठेवण्याजोगी व्हायची. मग गाद्या, माठ, मच्छरदाणी. पहाटे तीनला पायाशी चादर ओढावी लागे. माझ्या मुलीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, बाबा, मे महिन्यात चादर?

गल्लीत एक कडुनिंब होता, माझ्या दुकानापेक्षा म्हातारा. रस्ता सिमेंटचा झाला तेव्हा काँक्रीट थेट त्याच्या बुंध्याला टेकवलं. मी कामावरच्या माणसाला म्हणालो, हातभर माती तरी मोकळी सोडा. तो म्हणाला, काका, नकाशात झाड नाही. तीन पावसाळे झाड उभं राहिलं, चौथ्या वर्षी मान्सूनपूर्व वादळात आडवं झालं. मुळं ताटलीसारखी वर आली होती, खाली जायला त्यांना वाटच नव्हती. २०२१ च्या कायदादुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलं आहे. ते तोडायचं तर जितकं त्याचं वय तितकी झाडं लावायची. पण आमचा कडुनिंब कुणी तोडला नाही, तो पडला. पडलेल्या झाडाचं वय कोण मोजतो? त्या दिवशी मी शटर अर्धंच उघडलं. बायकोने विचारलं काय झालं, तर सांगता येईना. झाडासाठी सुतक पाळतात का?

आता मावशींची गोष्ट सांगतो. त्या एकट्याच राहतात, तळमजल्यावर, बोळाकडे एकच खिडकी. त्या खिडकीतला कूलर मीच बसवलेला. गेल्या वर्षी त्यांचा फोन आला, “तुझा कूलर गरम हवा फेकून राहिला ना भाऊ!” गेलो. समोरच्या घराने नवा एसी घेतला होता आणि त्याचं बाहेरचं युनिट बरोबर मावशींच्या कूलरच्या तोंडाशी, चार फुटांवर. समोरच्यांच्या खोलीतली उष्णता कूलर शोषून मावशींच्या खोलीत सोडत होता. समोरचे सज्जन आहेत, त्यांच्या घरात आजारी माणूस आहे. भांडणार कुणाशी? शेवटी मी पत्रा वाकवून युनिटवर बसवला आणि हवा वर वळवली. आता वरच्या मजल्यावरचे माझ्यावर चिडून आहेत.

दीड टनाचा एसी दीड हजार वॉटच्या आसपास वीज घेतो, माझा कूलर त्याच्या फार खाली. तरी वीज दोघांची सारखीच, कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांत कोळसा जाळून केलेली. त्यामुळे मी साव आहे असं नाही. दर वर्षी तान्ह्या पोळ्याला मी मारबतीच्या, म्हणजे गावाची पीडा बाहेर नेणाऱ्या पुतळ्याच्या, मिरवणुकीत जातो, ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणून घसा बसेपर्यंत ओरडतो. गेल्या खेपेला शेजारचा पोरगा ओरडला, “गर्मी घेऊन जा गे मारबत!” माझं तोंड उघडलेलं तसंच राहिलं. माझ्या पोरीची फी त्या गर्मीतूनच भरली आहे.

याच पोरीने मला ग्लेन अल्ब्रेक्ट या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाची गोष्ट सांगितली. तिकडे हंटर खोऱ्यात कोळशाच्या उघड्या खाणींनी मुलूख खरवडून टाकला. तिथल्या माणसांनी गाव सोडलं नव्हतं, तरी गावाच्या आठवणीने ती झुरत होती. त्या दुःखाला त्याने ‘सोलास्टाल्जिया’ असं नाव दिलं. मला तो शब्द उच्चारता येत नाही. पण सासरी न जाताच माहेर तुटावं तसं काहीसं असणार, आणि ते मला गच्चीवर रोज होतं.

आकड्यांचा आपल्याला भारी सोस. २३ मे २०१३ चे ४७.९ अंश अजून लोकांच्या तोंडी आहेत. ३० मे २०२४ ला एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि गावभर बोंब झाली. नंतर हवामान विभागाने सेन्सरचा दोष असल्याचं सांगितलं. दोन दिवस माझा फोन खाली ठेवता येत नव्हता. रात्रीच्या आकड्यावर मात्र कुणी बोलत नाही. खुद्द हवामान विभागाची व्याख्या आहे: दिवस ४० अंशांवर गेलेला असताना किमान तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा जास्त वर राहिलं तर ती ‘उष्ण रात्र’, आणि फरक ६.४ च्याही पुढे गेला तर ‘अति उष्ण रात्र’. माझ्या गिऱ्हाइकांपैकी एकानेही हा शब्द ऐकलेला नाही. दिवसाच्या उन्हाला टोपी आहे, कांदा आहे, पन्हं आहे. रात्रीवर उतारा नाही, कारण रात्र हाच दिवसाचा उतारा होता.

तरी विनंती एवढीच की कमाल तापमानाच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत, किमान तापमान आणि त्या तारखेची किमान तापमानाची नेहमीची सरासरी छापावी. जागा कमी पडत असेल तर माझी दर मार्चमध्ये येणारी चार ओळींची जाहिरात यंदा दोन ओळींची करा.

आपला,
एक कूलर मिस्त्री, महाल, नागपूर

ता. क. कूलर लावला की समोरची खिडकी वितभर उघडी ठेवा. आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट नसेल तर खोली नुसती दमट होते. निम्म्या तक्रारी एवढ्याशा कारणाच्या असतात. हे छापलंत तर माझ्या फेऱ्या कमी होतील, पण छापा.